पिवळं भांडं, पांढरी पट्टी

लोर्नाच्या पर्समध्ये काय काय असतं ते आमच्या चर्चमधल्या सगळ्या बायकांना पाठ आहे. चष्मा, दुसरा चष्मा, पहिला चष्मा शोधायला लागणारा तिसरा चष्मा, खोकल्याच्या गोळ्या, आणि पांढऱ्या चिकटपट्टीची गुंडाळी. जखमेवर लावतात ना, तीच. कोणाच्या घरी मयत होवो, बारसं होवो की नुसतं रविवारचं जेवण असो, चर्चच्या तळघरातल्या लांब टेबलावर भांडी मांडायला लागली की ही बाई आलीच. प्रत्येक भांडं उलटं करून बघणार. बुडाला नाव नसेल तर तिथल्या तिथे पट्टी फाडणार, नाव लिहिणार आणि अंगठ्यानं दाबणार. तेही कसं? जणू त्या भांड्याचा पासपोर्टच काढतेय!

नवी आलेली पाद्रीणबाई एकदा तिला म्हणाली, "अहो लोर्ना, माझं भांडं तर निळं आहे. असं दुसऱ्या कोणाकडेच नाही. चुकेल कसं?"

लोर्नाने तिच्याकडे असं पाहिलं की बिचारीने स्वतःच पेन काढून दिलं.

आता लोर्नाला अठ्ठ्याहत्तरावं लागलंय. शाळेच्या स्वयंपाकघरात तिने तेहतीस वर्षं पोरांना वाढलं. नवरा रॉय गेला त्याला सहा वर्षं झाली. गुडघे कुरकुरतात, पण ती स्वतः कुरकुरत नाही. आणि हे पट्टीचं खूळ काही म्हातारपणाचं नाही बरं का. त्याचं मूळ रुजलं ती सहा वर्षांची असताना, १९५२ च्या ऑगस्टमध्ये, आणि त्यापायी पाच वर्षं दोन घरं एकमेकांची तोंडं बघत नव्हती.

तर ऐका.

टिंबर क्रीकच्या कच्च्या रस्त्यावर तेव्हा आठ घरं होती. अधेमधे मका, डुकरांचे गोठे, आणि कडेला टपालाच्या पेट्या, एक वाकडी, एक सरळ, एक कोणाच्या तरी ट्रकने लोळवलेली. लोर्नाच्या माहेरचं, म्हणजे टीडमनांचं, घर पाचवं, क्रुगरांचं सहावं. मध्ये फक्त एक शेत. लोर्नाची आई ओपल आणि क्रुगरांची व्हेस्टा या दोघींचं असं होतं की एकीला शिंक आली की दुसरीने रुमाल शोधायचा. कोंबड्यांचं खाद्य ज्या छापील कापडाच्या पोत्यांतून यायचं, त्या पोत्यांचेच तेव्हा झगे शिवायचे. एका झग्याला तीन पोती लागत. लोर्नाचे बाबा डेल्मर गावात निघाले की ओपल फाटकापर्यंत मागे जायची. "निळ्या फुलांचंच आणा हो! मागच्या वेळी कोंबडे छापलेलं आणलंत. पोरगी शाळेत गेली तर मास्तरीण दाणे टाकेल तिला." आणि तीन जुळली नाहीत तर तिसरं पोतं व्हेस्टाच्या घरून यायचं. लोर्नाच्या अर्ध्या बालपणाला व्हेस्टाच्या कोंबड्यांचा वास होता म्हणा ना.

व्हेस्टाला मूलबाळ नव्हतं. लोर्ना तिला व्हेस्टामावशी म्हणायची आणि आपल्या घरापेक्षा जास्त तिच्याच पायरीवर सापडायची. तिथे पिंजऱ्यात एक कॅनरी होता, गाणारा पिवळा पक्षी, नाव कॅप्टन. सकाळपासून जो सुरू व्हायचा तो व्हेस्टाने वरून चादर टाकेपर्यंत.

आणि होता टेलिफोन. भिंतीवरची लाकडी पेटी, एका बाजूला फिरवायचा दांडा, दुसऱ्या बाजूला आकड्याला टांगलेला, कानाला लावायचा कर्णा. तार आठ घरांत मिळून एकच. म्हणून प्रत्येक घराची घंटा वेगळी: टीडमनांची दोन लांब एक आखूड, क्रुगरांची आखूड-लांब-आखूड, रस्त्याच्या टोकाला राहणाऱ्या ऑगस्टा आजीची तीन आखूड. घंटा मात्र आठही घरांत वाजायची. नियम असा की आपली नसेल तर उचलायचं नाही.

आता मला सांगा, बाहेर तीन फूट बर्फ, नवरा गोठ्यात, हातात उकडलेले बटाटे, आणि शेजारच्या घरी डॉक्टरचा फोन आलाय. तुम्ही उचलणार नाही?

सगळे उचलायचे. हळूच, आकड्याला बोट लावून, श्वास रोखून. पण आम्ही उचलत नाही असंच सगळे म्हणायचे. हाच खरा नियम. ऐकायचं सगळ्यांनी, कबूल करायचं कोणीच नाही. लोर्नाला गालगुंड झालं तेव्हा ओपलने डॉक्टरला फोन करून सांगितलं, आणि तासाभरात दारात तीन माणसं उभी. एकीच्या हातात सूप, एकीच्या हातात जेली. म्हाताऱ्या ब्रह्मचारी हर्मनच्या हातात गळ्याला गुंडाळायचा फ्लॅनेलचा तुकडा. "सहज या बाजूला आलो होतो," हर्मन म्हणाला. त्याचं घर पलीकडच्या टोकाला, आणि बाहेर गारपीट चालू. सहज!

पण कोण ऐकतंय ते कळायचंच. हर्मनच्या घरातून दुपारी डुकरांचे भाव सांगणारा रेडिओ यायचा. ओपलच्या स्वयंपाकघरातलं घड्याळ टिकटिक करता करता मध्येच एक टिक गिळायचं. आणि तारेवर कॅनरी गायला लागला की सगळ्यांना कळायचं, व्हेस्टा आली. आणखी एक गंमत, जितके जण उचलतील तितका आवाज बारीक व्हायचा. आधीच कमी ऐकू येणारी ऑगस्टा आजी मग ओरडायची, "कोण कोण आहात रे? दोघं तरी ठेवा! मला माझ्या लेकाचं ऐकू येत नाहीये!" मग खट, खट असे दोन आवाज यायचे आणि आजीचं बोलणं पुढे सुरू.

तर ते पिवळं भांडं.

गावातला धान्याच्या कोठाराचा मालक दर नाताळात गिऱ्हाइकांना काहीतरी द्यायचा. १९५१ साली त्याने दिलं पिवळं जाड चिनी मातीचं भांडं. गिऱ्हाईक म्हणजे सगळा तालुका. त्यामुळे पुढच्या उन्हाळ्यात चर्चच्या जेवणाला तळघरात उभं राहून बघितलं तर टेबलभर पिवळी भांडी, एकासारखं एक. म्हणून बायका बुडाला पांढरी पट्टी लावून नाव घालायला लागल्या.

ऑगस्टमधल्या त्या जेवणात बटाट्याच्या सॅलडची स्पर्धा असायची. पहिल्या नंबरला निळी रिबीन. हसू नका. त्या रिबिनीसाठी बायका जूनपासून बटाट्यांशी बोलायच्या. परीक्षक शेजारच्या गावचे पाद्री, म्हणजे आपल्यातलं कोणी नको. ते प्रत्येक भांड्यातून एक चमचा खायचे, डोळे मिटायचे, आणि शेवटी जिंकलेलं भांडं उचलून बुडाचं नाव वाचायचे. तेवढ्यापुरतं तळघरात माशीसुद्धा उडायची नाही.

आता ओपलबद्दल खरं ते सांगते. ती शिवणात पहिली, लोणी काढण्यात पहिली, कोंबडी सोलण्यात तर तालुक्यात पहिली. पण तिचं सॅलड म्हणजे ओला चुना. बटाटे इतके उकडायची की त्यांना आपण बटाटे आहोत हे आठवत नसे. डेल्मर दर वर्षी मुकाट्याने दोनदा वाढून घ्यायचा. प्रेम म्हणतात ते हेच. व्हेस्टाचं सॅलड मात्र कोणी खाल्लं की आधी गप्प बसायचं आणि मग पुन्हा वाढून घ्यायचं. तरी तिला दर वर्षी दुसराच नंबर. पहिला कायम आमच्याच पाद्र्याच्या बहिणीला. ती बहीण त्या वर्षी देवाच्या दयेने मिनेसोटाला गेली होती.

प्रार्थना वर चालली होती. खाली तळघरात पत्र्याच्या टबांत बर्फ, बर्फात भांडी, आणि भांड्यांपाशी सहा वर्षांची लोर्ना. तिला खाली बसवलं होतं कारण वर बसवलं की ती पुढच्या बाकावरच्या माणसाच्या मानेवर फुंकर मारायची. बर्फ वितळत होतं. दोन भांड्यांच्या पट्ट्या ओल्या होऊन अर्ध्या सुटल्या होत्या, पाण्यात जिभेसारख्या हलत होत्या.

सुटलेली पट्टी बघून सहा वर्षांचं पोर काय करणार?

ओढली. एक ओढली, मग दुसरी. दोन्ही नाकावर लावून बघितल्या. एवढ्यात वर शेवटचं स्तोत्र सुरू झालं आणि तिने पट्ट्या नाकावरून ओढून काढल्या. कोणती कुठली? तिला अक्षर येत होतं एकच, आपल्या नावातलं पहिलं. ते एकाही पट्टीच्या सुरुवातीला नव्हतं. मग झग्याला पुसून एक इकडे लावली, एक तिकडे. ओल्या, चिकटेनात. तेव्हा दोन्ही हात टबात घालून दोन्ही भांड्यांची बुडं दाबून बसली, स्तोत्राची चारही कडवी होईपर्यंत. बोटं निळी पडली.

पुढचं तुम्हाला कळलंच असेल. पाद्रीबुवांनी चाखलं, डोळे मिटले, पुन्हा चाखलं, आणि भांडं डोक्यावर धरून वाचलं, "ओपल टीडमन!"

डेल्मरच्या हातातला काटा पडला.

ओपल उभी राहिली ती अशी लाल होऊन की लोर्नाला वाटलं आईला ताप आला. आयुष्यात पहिल्यांदा कोणी तिच्यासाठी टाळ्या वाजवत होतं. आणि तिकडे टेबलाच्या दुसऱ्या टोकाला व्हेस्टा आपल्या नावाच्या भांड्यातलं सॅलड खाऊन चमचा तसाच तोंडात धरून उभी. मग ती चालत आली, जिंकलेल्या भांड्यातून एक चमचा खाल्ला आणि म्हणाली, "ओपल, हे माझं सॅलड आहे."

हळू म्हणाली असती तर निभावलं असतं. पण व्हेस्टाचा आवाज कोंबड्या हाकायचा आवाज. अख्ख्या तळघराने ऐकला.

"म्हणजे मी चोरलं?" ओपल म्हणाली.

"मी म्हटलं, हे माझं आहे."

"म्हणजे ओपल टीडमनला सॅलड येतच नाही, असंच ना?"

या प्रश्नाचं खरं उत्तर तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. म्हणूनच कोणी तोंड उघडलं नाही. व्हेस्टाने पर्स उचलली आणि ती गेली. आणि टेबलाखाली बसलेल्या लोर्नाला तेवढ्यात सगळं कळलं. पट्ट्या. बोटं अजून गार होती.

तिने सांगितलं का? अहो, कशी सांगणार! आई घरी येताना ट्रकमध्ये रिबिनीवरून बोट फिरवत होती. घरी आल्यावर तिने ती कपाटाच्या दाराला आतून लावली, कप ठेवायच्या जागी, म्हणजे दिवसातून दहादा दिसेल. दुसऱ्या दिवशी सकाळी लोर्ना सवयीने शेत ओलांडायला निघाली तर आईने हाक मारली. "कुठे?"

"व्हेस्टामावशीकडे."

"मिसेस क्रुगर म्हणायचं. आणि बोलावल्याशिवाय जायचं नाही."

मिसेस क्रुगर! पोरीला कोणाचं तरी परकं नाव घेतल्यासारखं झालं.

पाच वर्षं अशी गेली. शाळेत शेगडीवर भाजायला ठेवलेले बटाटे, शनिवारी चुलीपुढे टबात आंघोळ, काजवे भरलेली बरणी उशाशी, गावात भिंतीवर दाखवतात तो फुकटचा सिनेमा, हे सगळं होतंच. पण आठवतं म्हणाल तर लोर्नाला ते शेतच आठवतं. मधोमध तिच्या पायांनी पडलेली वाट होती. पहिल्या वर्षी तिच्यावर गवत आलं, तिसऱ्या वर्षी मका.

आणि तरी गंमत बघा. ओपलने फोन उचलला, कोणालाही, की तीन वाक्यांत तारेवर कॅनरी. आणि क्रुगरांची आखूड-लांब-आखूड वाजली की ओपल हात पुसत पुसत पेटीपाशी. "बहिणीचा असेल," असं स्वतःशीच म्हणायची. कोणाच्या बहिणीचा ते सांगायची नाही. लोर्ना नऊ वर्षांची असताना गवताच्या माळ्यावरून पडली, हात मोडला. ओपल डॉक्टरला रडत रडत सांगत होती आणि कॅनरी मध्येच गप्प झाला, जणू कोणी पिंजऱ्यावर हात ठेवला. दुसऱ्या दिवशी टपालपेटीवर पीचच्या फोडींची बरणी. बरणीला नाव नाही. आमच्याकडे बिननावाचं भांडं कोणी ठेवत नाही हो! ओपलने बरणी उजेडात धरून बघितली, लोर्नाला रोज दोन फोडी दिल्या, आणि बरणी धुऊन, आत सहा अंडी घालून पुन्हा पेटीवर ठेवली, कारण भांडं रिकामं परत करायचं नसतं. संध्याकाळी ती नव्हती.

मग १९५७ चा एप्रिल आला आणि टेलिफोन कंपनीची माणसं रस्त्याने खांब रोवत आली. एक मेपासून प्रत्येक घराला आपली स्वतंत्र तार. काळा नवा फोन, बोट घालून फिरवायची तबकडी, घंटा फक्त आपली.

"सुटलो बाई," ओपल जेवताना म्हणाली. "आता कोणी कान लावून बसणार नाही."

"हं," डेल्मर म्हणाला. "आणि तूही."

"मी कधी बसते?"

डेल्मरने बटाटा तोंडात घातला. शहाणा माणूस.

पण त्याच आठवड्यात लोर्ना शाळेतून घरी आली तर आई पेटीपाशी उभी. कर्णा कानाला, तोंडावर हात. पलीकडे कोणी बोलतच नव्हतं. व्हेस्टाचा फोन संपला होता, पण व्हेस्टाने अजून ठेवला नव्हता. नुसता कॅप्टन गात होता. आणि इकडे ओपलचं घड्याळ, टिक, टिक, मध्येच एक गिळलेली टिक. दोघी तशाच उभ्या. मग तिकडून खट आवाज झाला. ओपलने कर्णा ठेवला आणि वळली तर लोर्ना दारात.

"काय बघतेस? कोंबड्यांना पाणी घातलंस का?"

लोर्ना अकरा वर्षांची होती. तिला त्या दिवशी कळलं की एक मेला खांबावरचा माणूस तार कापेल, आणि या दोघींमध्ये जे काही अजून उरलंय तेही कापेल. आणि तिला हेही कळत होतं की सांगितलं तर कपाटातली रिबीन जाईल, आईची एकुलती एक. चार दिवस तिने दोन्ही गोष्टी मनात उलटसुलट करून बघितल्या. जेवण जाईना. आईने तिला एरंडेल पाजलं. त्याने काय होणार!

शनिवारी, सत्तावीस तारखेला दुपारी, आई मागे दोरीवर कपडे घालत होती, बाबा ओट पेरत होते. लोर्नाने खुर्ची ओढली, वर चढली आणि दांडा फिरवला. तीन आखूड.

"कोण?" ऑगस्टा आजी ओरडली. ती फोनवर कायम ओरडायची, तिला वाटायचं लांब आहे ना, पोचायला हवं.

"आजी, मी लोर्ना. मला एक कबूल करायचंय."

"काय फोडलंस?"

"काही फोडलं नाही. आजी, ते बावन्न सालचं सॅलड..."

"काय? आवाज बारीक झालाय तुझा! कोण कोण आहात रे? आज एवढे कसे?"

कोणी ठेवला नाही. हर्मनच्या रेडिओवर डुकरांचे भाव चालले होते, ते मध्येच बंद झाले. कॅप्टन मात्र जोरात होता. लोर्नाने डोळे मिटले. खरं सांगायचं तर ती आजीला सांगतच नव्हती, आणि हे आजीशिवाय सगळ्यांना कळत होतं.

"आजी, मी पट्ट्या काढल्या होत्या. बर्फात. दोन भांड्यांच्या. आणि उलट्या लावल्या. मला वाचता येत नव्हतं. पहिला नंबर आईचा नव्हता. आईने चोरलं नाही आणि... आणि मिसेस क्रुगर खोटं बोलल्या नाहीत. सगळं मी केलं."

"कसल्या खाटल्या?"

"पट्ट्या, आजी! नावाच्या!"

"मग पाच वर्षं गप्प का राहिलीस, कार्टे?" आजीला नेमकं हे मात्र स्पष्ट ऐकू आलं होतं.

"आईची रिबीन जाईल म्हणून." लोर्ना रडायला लागली होती. रडता रडता बोलतच राहिली, थांबली तर कोणीतरी काहीतरी म्हणेल या भीतीने. "आणि मला तेव्हाच कळलं होतं आजी, मग मी दोन्ही चाखूनही बघितली. मावशीच्या सॅलडमध्ये ते बरणीतल्या आंबट काकड्यांचं पाणी असतं ना, एक चमचा, ते आईच्यात नसतं, तर..."

"दोन," तारेवर कोणीतरी म्हणालं.

अशी शांतता त्या तारेवर कधी झाली नव्हती. कॅनरीसुद्धा दचकला असावा. टिंबर क्रीकच्या रस्त्यावर तीस वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी कबूल केलं होतं की मी ऐकतेय, आणि तेही कशासाठी? चमचा चुकला म्हणून!

"एक नाही, दोन चमचे," व्हेस्टा म्हणाली. आता सुटलंच होतं तोंडातून, तर मागे कशाला घ्यायचं! "मी तुला पायरीवर बसवून शिकवलं होतं. दोन."

"दोन, व्हेस्टामावशी," लोर्ना हुंदक्यातून म्हणाली.

"मी कायम म्हणायचो," हर्मन इतक्या मोठ्याने म्हणाला की कर्ण्याबाहेर खोलीभर ऐकू गेलं, "ते सॅलड ओपलचं असणं शक्यच नाही."

"हर्मन!" दोन बायका एकदम ओरडल्या. एक तारेवर, आणि एक लोर्नाच्या मागे.

ओपल दारात उभी होती. तोंडात दोन चिमटे, खांद्यावर डेल्मरचा ओला सदरा. किती वेळची उभी होती कोण जाणे. तिने चिमटे काढले, खुर्चीवरून लोर्नाला उतरवलं आणि कर्णा हातात घेतला. लोर्नाला वाटलं, आता संपलं.

"व्हेस्टा," ओपल म्हणाली.

"ओपल."

टिक, टिक, गिळली.

"मला माहीत होतं," ओपल म्हणाली.

"काय?"

"पहिल्या घासाला. तू गेल्यावर मी खाल्लं ना ते. माझ्या सॅलडची चव मला माहीत नाही होय? डेल्मरला विचार, अठरा वर्षं खातोय बिचारा."

"मग बोलली का नाहीस, बाई?"

"सगळ्यांसमोर म्हणालीस."

"हो," व्हेस्टा म्हणाली. "सगळ्यांसमोर म्हणाले. तुझ्या कानात म्हणायला हवं होतं. चार पावलं तर चालायची होती."

"आणि मला टाळ्या आवडल्या," ओपल म्हणाली, अगदी बारीक आवाजात. आवाज बारीक होता तो काही सात जणांनी उचलल्यामुळे नाही.

मग ओपलने नाक पुसलं, डेल्मरच्याच सदऱ्याला, आणि विचारलं, "कॅप्टनला मध्ये काय झालं होतं? बुधवारी सकाळी गात नव्हता."

"तुला कसं माहीत?"

आता ओपल पकडली गेली होती. पण व्हेस्टा आधी हसली, मग ओपल, मग कुठूनतरी आणखी कोणी, आणि ऑगस्टा आजी मध्येच ओरडली, "काय झालं? कोण मेलं? मला कोणीतरी सांगेल का!"

लोर्नाला शिक्षा झाली, ती झालीच. त्या ऑगस्टच्या जेवणाचे सगळे बटाटे तिने सोलायचे, आणि तळघरात येईल त्या प्रत्येक भांड्याला पट्टी लावायची, नाव तिनेच घालायचं, सुटली तर तिनेच उत्तर द्यायचं. शिक्षा कधी संपणार ते सांगायचं आई विसरली. लोर्ना म्हणते, म्हणूनच मी अजून भोगतेय. पण ती बाई पट्टी दाबते तेव्हा तोंड बघा तिचं! शिक्षा भोगणाऱ्याचं तोंड असं असतं का?

रिबीन ओपलने त्याच दुपारी कपाटातून काढली. चार पिनांची भोकं तिथे राहिली, ती पुढे कपाट विकेपर्यंत होती. लोर्ना रिबीन घेऊन पेरलेल्या शेतातून धावत गेली, बाबा ओरडत होते तरी. व्हेस्टा पायरीवर उभी होती. तिने रिबीन घेतली, इकडून तिकडून बघितली. पाच वर्षांत निळा रंग विटून धुरकट झाला होता.

"याच्यासाठी?" ती म्हणाली. आणि कॅप्टनच्या पिंजऱ्याला बांधून टाकली. तो तिच्यावर चोच मारत बसायचा. मग तिने लोर्नाची हनुवटी वर केली. "पाच वर्षांत एवढी उंच कधी झालीस ग तू? ये आत. काकड्या खाणारेस का?"

एक मे उजाडला. खांबावरच्या माणसाने तार कापली. लाकडी पेटी गोठ्यात गेली, तिच्यात डेल्मरने खिळे ठेवले. भिंतीवर काळा नवा फोन आला. ओपलने उचलून कानाला लावला, नुसती भुणभुण. कॅनरी नाही, रेडिओ नाही, कोणाचा श्वास नाही. तिने ठेवला, पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला. घर रिकामं झाल्यासारखी खुर्चीवर बसली.

एवढ्यात तो वाजला. पहिल्यांदाच. ना लांब, ना आखूड, आपला एकसुरी ठणाणा. ओपल दचकून उभी राहिली.

"हॅलो? कोण?"

"मी," व्हेस्टा म्हणाली. "कोणी ऐकतंय का ग?"

"कोणी नाही."

"कोणीच नाही?"

"नाही ना. आता ऐकू येतच नाही कोणाला."

तिकडे कॅप्टन मात्र गात होता.

"मग काय मजा?" ती म्हणाली. "ठेव तो. इकडेच ये. आणि येताना पिवळं भांडं आण. नाव घालून!"